फेरमत

हात वर गेला, आणि वर गेल्यावरच एबेरच्या लक्षात आलं की तो आपला आहे. कोटाची बाही कोपराकडे घसरली होती, मनगटावरचे पांढरे केस दिव्यात चमकत होते, आणि पाचही बोटं एकमेकांना चिकटून उभी होती, उत्तर येत असलेल्या पोराची वर्गात असतात तशी. त्याच्या रांगेत दुसरा एकही हात नव्हता. मागच्या रांगेतही नसावा. समोर, पलीकडच्या बाकांवर मात्र हातांचं रान उभं होतं. सभापतींनी मान न हलवता आकडा सांगितला, "एकोणनव्वदात पंचेचाळीस. मंजूर." त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली ती एबेरच्या ओळखीची होती. तलावात एखादं पोर अचानक पाण्याखाली गेलं की काठावरच्या आया अशाच गप्प होतात, ओरडण्याच्या आधी. मग त्याच्या बाजूच्या पहिल्या रांगेतून प्रतोद दिनोरा कास्को उठल्या आणि कुणी मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "सभापती महोदय, मत पुन्हा घ्यावं."

मत पुन्हा घ्या म्हणण्याला कारण द्यावं लागत नाही. कुणीही म्हणावं, आणि कुणी नाही म्हणत नाही. घंटा वाजते, कॉफीला गेलेले, फोनवर बोलत जिन्यात थांबलेले पळत येतात, आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो. चूक झाली असेल तर दुरुस्त व्हावी, एवढाच त्यामागचा हेतू. एबेरने सकाळपासून हे चार-पाच वेळा पाहिलं होतं आणि त्याला ते आवडलंही होतं. पोहायला शिकणाऱ्या मुलांना तो हेच सांगायचा, की पहिल्या उडीला काही अर्थ नसतो, पहिली उडी भीती मारते. दुसरी तुम्ही मारता. आता घंटा वाजत होती आणि दुसरी उडी त्याची होती. हात त्याने खाली घेतला होता. तो मांडीवर पडला होता, तळवा वर करून, जरा ओलसर.

प्रश्न तसा साधा होता. आईबाप सांभाळू शकत नाहीत अशी मुलं बालसंस्था एखाद्या घरात ठेवते, दत्तक घेणारं कुटुंब मिळेपर्यंत. सांभाळायचं, पण आपलं म्हणायचं नाही, असा नियम. ज्या घरानं तीन वर्षं मूल वाढवलं त्याच घराला ते दत्तक मागता येत नाही. यादीत ज्यांचा क्रमांक असेल ते येतात आणि घेऊन जातात. नव्या विधेयकात एवढंच होतं की दोन वर्षं सांभाळणाऱ्या घराला आधी विचारावं. ते लिहिलं गेलं त्याला बरीच वर्षं झाली होती. समितीत पडून राहिलं, बाहेर आलं, पुन्हा समितीत गेलं, आणि जून-जुलैच्या या हिवाळ्यात कसंबसं सिनेटमधून पार झालं. पार होण्यासाठी त्याला एक किंमत द्यावी लागली होती: हा कायदा या वर्षीच्या एक जानेवारीनंतर सोपवलेल्या मुलांनाच लागू होईल. यादीत थांबलेल्यांचाही हक्क आहे, त्यांना मधूनच बाजूला कसं सारायचं, असं म्हणणारे तीन सिनेटर या तारखेवर राजी झाले होते. म्हणून आज कनिष्ठ सभागृहात ते आलं तसंच जायला हवं होतं, कणभरही न बदलता. एक ओळ बदलली तरी ते परत सिनेटकडे जाणार. आणि सिनेट आता होती कुठे? निवडणुकीचं वर्ष. पंधरा सप्टेंबरला संसदेला कुलूप लागतं, सगळे आपापल्या जिल्ह्यांत गाड्यांवर भोंगे बांधून फिरायला लागतात. फेब्रुवारीत नवी संसद येते, आणि जुन्या संसदेत अर्धवट राहिलेलं जे जे असेल ते तळघरात जातं.

डॉक्टर आन्सोरेना यांनी दुपारी उभं राहून एक जादा कलम मांडलं. एकच वाक्य: त्या तारखेपूर्वी सोपवलेल्या मुलांनाही हा कायदा लागू राहील. एबेरला वाटलं, इतकं सरळ आणि चांगलं वाक्य आपण फार वेळा वाचलेलं नाही. आन्सोरेना विरोधी बाकांवरचे, बालरोगतज्ज्ञ, मऊ आवाजाचे. मुलांमध्ये तारखेवरून भेद करू नका, एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. दिनोराबाई त्यावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या की माननीय सदस्यांना या विधेयकाचा इतका लळा लागला आहे की ते त्याला मिठी मारून गुदमरवणार आहेत. सभागृहात हसू फुटलं होतं. एबेरही हसला होता. ते हसू अजून त्याच्या गालांत कुठेतरी होतं आणि आता दुखत होतं.

"पहिल्या दिवशी सगळ्यांचा जातो," शेजारून डॉन कासियानो म्हणाले. ते आतल्या प्रांतातले म्हातारे खासदार. त्यांचं पोट बाकाच्या कडेवर टेकलेलं असायचं, आणि सकाळपासून ते झोपले आहेत की ऐकत आहेत हे एबेरला कळलं नव्हतं. "शाळेची सवय. बाई म्हणाल्या 'कोणाला', की हात वर. मी माझ्या पहिल्या दिवशी एका करावर दोन्ही बाजूंनी मत दिलं होतं. एकदा चुकून, एकदा भुकेनं."

"मी चुकून नाही केला, डॉन कासियानो."

म्हाताऱ्याने डोळा उघडला. एकच.

"माझी बहीण आहे," एबेर म्हणाला. "तिच्याकडे एक मुलगी आहे. संस्थेची. साडेतीन वर्षं झाली." आणि मग, नियमाचा विचार सकाळपासून छातीत बसला होता म्हणून, "ज्यात आपला स्वार्थ असेल त्यावर मत द्यायचं नसतं ना?"

"स्वतःचा. बहीण म्हणजे तुम्ही नव्हे. नियम बहिणीपर्यंत पोचत नाही, मास्तर. नियमाचे हात फार आखूड असतात." डॉन कासियानोंनी दुसरा डोळा उघडला आणि दाराकडे पाहिलं. "पण सभागृहात बसलेल्याला मत द्यावंच लागतं, हेही खरं. हो नाहीतर नाही. नको असेल तर उठून जायचं. संडास कुठे आहे ते दाखवलं ना तुम्हाला? माझ्या मूत्राशयाने मला किती अवघड मतांतून वाचवलंय, मी त्याचा पुतळा उभारणार आहे."

एबेर खासदार झाला होता तो फक्त आजच्या दिवसापुरता. इथे खासदार एकटा निवडून येत नाही. त्याच्या पाठीशी पर्यायी नावं असतात, एकामागे एक, घराच्या दारामागे लटकवलेल्या छत्र्यांसारखी. एबेर तिसरी छत्री होता. पाच वर्षांपूर्वी कापुर्रो वस्तीच्या पक्षसमितीतल्या लोकांनी त्याचं नाव घातलं, कारण वस्तीतली अर्धी माणसं लहानपणी त्याच्याकडून पोहायला शिकली होती आणि त्याला रस्त्यात मास्तर म्हणत होती. "नाव पाहिजे फक्त, मास्तर, काम नाही," असं ते म्हणाले होते, आणि परवापर्यंत खरंच नव्हतं. परवा तो पाण्यात कमरेइतका उभा असताना क्लबची कारकून बाई काठावर फोन घेऊन आली. खासदार प्रचाराला गेलेत, पहिला पर्यायी त्यांच्याबरोबर गेलाय, दुसरीची सून बाळंत होतेय. मास्तर, तुम्हालाच यावं लागेल. आज सकाळी सभागृहात ते सगळं मोठ्याने वाचलं गेलं, अमुक यांनी या एका वेळेपुरतं बोलावणं नाकारलं आहे, तमुक यांनी या एका वेळेपुरतं नाकारलं आहे, आणि मग त्याचं स्वतःचं नाव आलं, अनोळखी माणसाच्या नावासारखं, आणि तो उभा राहिला. कोट त्याच्या लग्नातला होता. बायको वारली तेव्हा घातलेला, त्यानंतर आजच.

परवा संध्याकाळी तो नीदियाकडे गेला होता. त्याची धाकटी बहीण, शिवणकाम करते. ती एका शाळेच्या पांढऱ्या डगल्यांना काठ घालत होती, आणि तिच्या शिवणयंत्राखाली माइते चिंध्यांचं घर करून बसली होती. नीदियाच्या गुडघ्यांमधून तिचे केस दिसत होते. माइते संस्थेतून आली तेव्हा दोन महिन्यांची होती आणि तिला हातात धरलं की ती आखडायची, लाकडासारखी. नीदियाने तिला उन्हाळाभर उघड्या छातीवर झोपवून मऊ केलं होतं. आता गेले तीन शनिवार यादीतलं जोडपं येत होतं, ओळख व्हावी म्हणून. चांगली माणसं. बाई हसताना तोंडावर हात धरायची. पुरुषाने माइतेसाठी स्वतः लाकडाची गाडी करून आणली होती आणि ती देताना त्याचा आवाज फुटला होता. एबेरने त्यांच्यात काहीतरी वाईट शोधण्याचा प्रयत्न केला होता, अगदी प्रामाणिकपणे, आणि हाती काही लागलं नव्हतं. ऑक्टोबरात ते तिला नेणार होते.

"तर तू खासदार," नीदिया दोरा दातांनी तोडत म्हणाली होती. "आई असती तर तिने गल्लीभर वाटलं असतं काहीतरी."

"एका दिवसाचा."

"एक दिवस पुष्कळ झाला. वकीलबाई म्हणाली, कुणीतरी जादा कलम घालणार आहे. आमच्यासारख्यांचं. ते लागलं की विधेयक परत जातं, पण जिवंत राहतं, हो ना? आणि जिवंत आहे तोवर न्यायाधीश थांबतात. फेब्रुवारीपर्यंत तरी थांबतील म्हणाली."

"आणि फेब्रुवारीत ते मरेल, नीदिया. सगळंच मरेल. मग कुणालाच काही मिळणार नाही."

"फेब्रुवारीचं फेब्रुवारीत बघू." तिने यंत्र थांबवलं होतं. "तुम्हा लोकांना कायदा हवाय. मला ही हवीय. डिसेंबर-जानेवारीचा एक उन्हाळा तर मिळेल. तिला या उन्हाळ्यात तू पोहायला शिकवणार होतास ना?" मग यंत्राखालून आवाज आला, मला येतं पोहता, आणि दोघंही हसली, आणि नीदियाने हसता हसता विचारलं, "हात वर करशील ना?" एबेर बघू म्हणाला होता. बघू हा शब्द त्याने आयुष्यात इतक्या आयांना सांगितला होता, की तो बोलताना त्याला काही वाटेनासंच झालं होतं.

सभागृहात माणसं परतत होती. एकाच्या ओठांवर केकची साखर होती. घंटा थांबली, पुन्हा सुरू झाली. दिनोराबाई रांगेतून वाकून चालत आल्या आणि त्याच्या बाकापाशी चक्क उकिडव्या बसल्या, बागेत रोप लावायला बसावं तशा. जवळून त्या दमलेल्या दिसत होत्या. त्यांच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलेली होती.

"खासदारसाहेब," त्या म्हणाल्या.

"तो हात माझा होता," एबेर म्हणाला.

"माहीत आहे. तुमच्या बहिणीचं मला आज दुपारी कळलं. काल कळलं असतं तर मी चौथ्याला बोलावलं असतं." त्यांनी कपाळ चोळलं. "मी तुम्हाला दम द्यायला आलेले नाही. मला एकच सांगा, आन्सोरेनांनी तुम्हाला काय सांगितलं? सिनेट परत भरवू म्हणाले?"

"माझ्याशी ते बोललेलेच नाहीत."

"मग ऐका. त्यांचे चार सिनेटर या घटकेला साल्तोत प्रचाराच्या व्यासपीठावर उभे आहेत. आमचे दोन पायसांदूला. एक इस्पितळात. कुणीही परत येणार नाही. हे मी राजकारण म्हणून नाही सांगत, हे मी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगतेय." त्या उठल्या; गुडघा वाजला. "बाहेर त्या बायका बसल्या आहेत. त्यांना तोंड मी दाखवणार आहे, तुम्ही नाही. तुम्ही उद्या तलावात. एवढंच."

त्या बायका त्याने सकाळी पाहिल्या होत्या. बाहेरच्या संगमरवरी दालनात, ज्याला हरवलेल्या पावलांचं दालन म्हणतात, खांबांच्या पायाशी त्या बसल्या होत्या, काखेत थर्मास, हातात माते नावाच्या कडू पेयाचा पेला, तो एकमेकींना फिरवत, स्टेशनवर बसावं तशा. हिरव्या शालीतली एक तरुण बाई त्याच्याकडे चालत आली होती, कारण तो हरवल्यासारखा दिसत होता आणि तिला वाटलं तो रखवालदार आहे. कोट-पिशव्या ठेवायला जागा कुठे, असं तिनं विचारलं. मग खासदार आहे कळल्यावर ती इतकी लाजली की तिने काही न सुचून शाल बाजूला करून बाळ दाखवलं. जूनमध्ये सोपवलेलं. तारखेनंतरचं, म्हणजे कायद्यात बसणारं. त्याचं डोकं शालीच्या लोकरीला घासून एका बाजूला टक्कल पडलं होतं. "याला अजून कुणाचंच नाव नाही," ती म्हणाली होती, "म्हणजे आहे, पण संस्थेनं ठेवलेलं. मी घरी दुसरंच म्हणते. ते चालणार नाही ना? अजून दोन वर्षं?" चालेल की, एबेर म्हणाला होता. त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

आता तो ती दोन डोकी शेजारी शेजारी ठेवून पाहत होता, आणि त्याला स्वतःचीच घृणा वाटली, कारण ती ठेवता येत होती. एक डोकं केसाळ, यंत्राखालचं, त्याला मामा म्हणणारं, एक टक्कल पडलेलं. त्याच्या मागे अजून जन्मलीच नव्हती अशी कितीतरी, ज्यांना डोकी नव्हती, चेहरे नव्हते, म्हणून ती हलकी होती. चेहरा नसलेलं मूल किती हलकं असतं. अख्ख्या देशातली अशी मुलं एका पारड्यात घातली तरी माइतेचा एक पाय त्यांना वर उचलील. हे बरोबर आहे की चूक, हे त्याला कळेना. फक्त हे असंच आहे, एवढं मात्र दिसत होतं. आणि हा वाडा, हे खांब, ही घंटा, हे उकिडवं बसणं, ही सगळी खटपट बहुधा यासाठीच होती की ज्यांना चेहरे नाहीत त्यांच्या वतीनेही कुणी हात वर करावा. किंवा खाली ठेवावा. पण हे वाक्य मनात तयार झालं तसं त्याला त्याचाही संशय आला. शाळेच्या भिंतीवर लिहायला छान वाक्य. नीदियाच्या स्वयंपाकघरात ते उच्चारता येणार नाही.

तरंगायला शिकवताना तो मुलाच्या पाठीखाली तळवा धरायचा. पाठ मऊ झाली, कान पाण्यात गेले, डोळे छताच्या पत्र्याकडे लागले, की तो हात हळूच खाली न्यायचा. मूल तरंगत राहायचं आणि त्याला वाटत राहायचं की हात आहे. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता आणि यात काही फसवणूक आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं; उलट, यापेक्षा प्रामाणिक गोष्ट आपण दुसरी केली नाही असं तो मानायचा. माइतेला त्याने गेल्या महिन्यात पहिल्यांदा आडवं केलं. तळवा बोटभर खाली गेला असेल नसेल, ती छताकडेच बघत म्हणाली, "काढलास." रागाने नाही. बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं. तो नाही म्हणाला. ती म्हणाली, "काढलास, मला गार लागलं." ज्या मुलांना एकदा सोडलेलं असतं त्यांच्या पाठीला ते कळतं, असं नीदिया नंतर टॉवेल पिळत म्हणाली होती.

समोरून आन्सोरेना त्याच्याकडे बघत असतील असं त्याला वाटलं होतं. ते बघत नव्हते. ते डोकं खाली घालून नखाजवळचं सालटं ओढत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. म्हणजे त्यांना खरोखरच ती मुलं हवी होती की काय? की हवी होती आणि विधेयक मेलेलंही हवं होतं, दोन्ही एकाच वेळी, जसं आपल्याला एकाच वेळी झोपायचं असतं आणि जागंही राहायचं असतं? माणूस लबाड असता तर सोपं झालं असतं. चांगला असता तरीही झालं असतं. एबेरने सिनेटचा विचार केला, साल्तोच्या व्यासपीठाचा विचार केला. समजा एखादा उतरला, समजा दोघे उतरले, समजा बसमध्ये बसले. असं कधी झालंच नाही असं कुणी म्हणू शकत नव्हतं. ही आशा त्याच्या ओळखीची होती. बायकोच्या शेवटच्या महिन्यात डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्यात त्याने ती शोधली होती आणि प्रत्येक वाक्यात ती सापडली होती.

"जायचं असेल तर आता," डॉन कासियानो पुटपुटले. "घंटा थांबली की पट्टेवाला दार लोटतो. तुम्ही बाहेर, बरोबरी. बरोबरीत अडकलेलं कलम शेवटी पडतंच. काम तेच होईल, हात कोरडे राहतील."

"तुम्ही गेला असता?"

"मी? मी केव्हाच गेलो असतो. मी बाहेरून तुम्हाला कॉफी पाठवली असती." मग वेगळ्याच आवाजात ते म्हणाले, "पण मला बहीण नाही."

दार खरंच जवळ होतं. एबेरने पाय बाकाखालून ओढून घेतले, तळवे कडेवर टेकले आणि शरीराला थोडं पुढे झुकवलं. उडी मारायच्या आधी काठावर उभं राहावं तसं. उठून गेला तर संध्याकाळी नीदियाला सांगता आलं असतं, मी नव्हतोच आत, मला बोलावलं, मला चक्कर आली. ती मान हलवेल. ती विश्वास ठेवेल, आणि त्या विश्वासाखाली त्याचा हात नसेल. त्याला गार वाटलं. मानेपासून कमरेपर्यंत, कोटाच्या आत. तो पुन्हा मागे टेकून बसला. पट्टेवाल्याने दार लोटलं.

सभापतींनी प्रश्न वाचला. तेच वाक्य, सरळ, चांगलं. त्या तारखेपूर्वी सोपवलेल्या मुलांनाही हा कायदा लागू राहील. मान्य असलेल्यांनी हात वर करावा. समोर रान पुन्हा उभं राहिलं. एबेरचा उजवा हात मांडीवर होता आणि त्याच्यावर त्याने डावा ठेवलेला नव्हता, दाबून धरलेला नव्हता; त्याला ते महत्त्वाचं वाटलं. उजवा हात मोकळा होता, त्याला वर जाता आलं असतं. त्याने तो नुसता ठेवला. मोजणारा कारकून पेन्सिल हवेत टिचकवत रांगेवरून गेला, त्याच्यापाशी थांबला, की थांबल्यासारखं वाटलं, आणि पुढे गेला. या मोजणीत नावं लिहीत नाहीत. उद्या छापून येईल त्यात आधी पंचेचाळीस असेल, मग चव्वेचाळीस, आणि मधला तो एक कोण हे जगातल्या कुठल्याच कागदावर असणार नाही.

"एकोणनव्वदात चव्वेचाळीस. नामंजूर."

त्यानंतर सगळं भराभर झालं. उरलेली कलमं एका दमात मताला टाकली गेली, हात वर गेले, त्याचाही गेला, डॉन कासियानोंचा गेला, समोरचेही काही गेले, आन्सोरेनांचाही. विधेयक मंजूर झालं. सरकारला कळवण्यात येईल. वरच्या सज्जात टाळ्या वाजवायला मनाई असल्यामुळे तिथून फक्त बाकं हलल्याचा आवाज आला. दिनोराबाईंनी चष्मा काढून पुसला, पुसताना काडी निखळली, आणि त्या दोन तुकडे दोन हातांत घेऊन बसून राहिल्या. बाहेरच्या दालनात कुणीतरी मोठ्याने रडत होतं, आनंदाने. हिरवी शाल त्याला दुरून दिसली. त्याने दुसरा जिना घेतला.

नीदिया बाहेर पायऱ्यांच्या तळाशी उभी होती. बंदराकडून वारा सुटला होता आणि तिने कोटाची कॉलर एका हाताने गळ्याशी धरली होती. ती सज्जात त्याच्याच बाजूला बसली होती, बरोबर त्याच्या डोक्यावर. तिला समोरची बाजू तेवढी दिसली होती.

"पहिल्यांदा झालं होतं," ती म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, फक्त फार मोठे. "पंचेचाळीस म्हणाले. मी शेजारच्या बाईचा हात धरला. ओळख ना पाळख. मग पुन्हा घेतलं आणि एक कमी. कुणीतरी खाली घेतला, एबेर. त्या कोपऱ्यात तो टकल्या होता बघ, पिवळ्या टायचा. तो सारखा कान खाजवत होता. तोच असणार. त्याला कुणीतरी बाहेर गाठलं असणार, नाही का?"

पिवळ्या टायचा माणूस एबेरला आठवला. त्याने दोन्ही वेळा हात वर केला होता, नीट, सरळ. त्याच्यावर ढकलता आलं असतं. त्या माणसाला ते कधी कळलंही नसतं.

"मी घेतला," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्यांदा वर केला तो मी. दुसऱ्यांदा नाही केला."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या उजव्या हाताकडे, मग पुन्हा तोंडाकडे. पायऱ्यांवरून दोन बायका एकमेकींच्या गळ्यात हात टाकून उतरल्या, त्यांच्यातलीच एक सज्जात नीदियाच्या शेजारी बसलेली असावी, कारण तिने थांबून काहीतरी बोलायचं केलं आणि नीदियाचा चेहरा बघून ती पुढे गेली. एबेरकडे कारणं होती. साल्तो होतं, तळघर होतं, टक्कल पडलेलं डोकं होतं. ती सगळी खरी होती.

"पाच वाजता बालवाडी सुटते तिची," नीदिया म्हणाली. "मला निघायला हवं." ती दोन पावलं गेली आणि थांबली. मागे न वळता, रस्त्याकडे बघत, कपडे कधी तयार होतील हे गिऱ्हाइकाला सांगावं तशी सांगू लागली. "ते लोक ऑक्टोबरात येतील ना न्यायला, सकाळी येतात ते. तू आदल्या दिवशीच ये. झोपायला. तिची पिशवी मी भरीन, केस मी विंचरीन. घंटा वाजली की दार तू उघडायचंस. मी नाही उठणार."

"येईन," एबेर म्हणाला.

"आणि तिचा हात त्यांच्या हातात तूच द्यायचास," ती म्हणाली, आणि बस येत होती तिकडे चालू लागली.